बत्तीशीरावांनी न ऐकलेला आकडा

आमच्या साडूंशी पहिल्यांदा बोलणाऱ्या माणसाला थोड्याच वेळात वाटायला लागतं, की आपल्या दातांत काहीतरी अडकलंय. तो आधी दातांवरून जीभ फिरवतो, मग तोंडापुढे हात धरून बोलतो आणि शेवटी "आलोच हं" म्हणून आरसा शोधायला जातो. आरशात काही सापडत नाही. अडकलेलं काही नसतंच मुळी. अडकलेली असते ती साडूंची नजर. समोरचा बोलत असला की ते त्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघतात, आणि तेही असे टक लावून, जणू आतून त्यांच्या ओळखीचं कोणीतरी बाहेर यायचंय.

त्यात त्यांचा दोष नाही. कवळ्या बनवणं हा त्यांचा पेशा. दातांचा डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेतो, ते माप लॅबमध्ये येतं, त्यावरून प्लास्टरचा जबडा तयार होतो, आणि त्या जबड्यावर मेणात एकेक दात रोवत आमचे साडू अख्खी बत्तीशी उभी करतात. म्हणून माझ्या सासुरवाडीत त्यांचं नाव पडलं बत्तीशीराव. सुरुवातीला त्यांनी विरोध करून पाहिला. म्हणाले, "कवळीत अठ्ठावीसच दात असतात. अक्कलदाढा आम्ही बसवत नाही."

"का?" सासऱ्यांनी विचारलं.

"कोणी मागतच नाही."

यावर सगळे इतके हसले की नाव कायमचं चिकटलं. गंमत अशी, की बत्तीशीराव स्वतः कधी दात दाखवून हसत नाहीत. ओठ मिटून नुसते खांदे हलवतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणसाला उचकी लागलीय, कोणी पाणी का देत नाही?

माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण, हिचा स्वभाव नेमका उलटा. ती गाडी चालवायला शिकवते. दिवसभर लोकांच्या शेजारी बसून "क्लच! क्लच म्हणतेय मी! तो ब्रेक आहे!" असं ओरडून ओरडून तिचा आवाज घरातही त्याच पट्टीत लागतो. आपल्या लग्नाची गोष्ट ती फार रंगवून सांगते. पहिल्या भेटीत ती तासभर बोलत होती आणि हा मनुष्य पापणी लवू न देता तिच्याकडे बघत होता. तिला वाटलं, इतकं मन लावून ऐकणारा नवरा शोधून सापडायचा नाही. लग्नानंतर तिने एकदा विचारलं, "त्या दिवशी मी काय काय बोलले, आठवतं का हो?" तर म्हणाले, "बोललीस ते नाही आठवत. पण तुझ्या वरच्या दोन दातांमध्ये इतकी सुंदर फट आहे, की मी त्या आठवड्यात तीन कवळ्यांमध्ये तशी ठेवून पाहिली. डॉक्टरांनी तिन्ही परत पाठवल्या."

ते नोकरीला होते ती लॅब म्हणजे एका चपलांच्या दुकानावरची लांबट खोली. जिन्यापासूनच प्लास्टरची पांढरी पूड पायाला लागायची. आत फळ्यांवर जबडेच जबडे, प्रत्येकाला एक क्रमांकाची चिठ्ठी, मध्ये गॅसची छोटी ज्योत आणि त्या ज्योतीवर मेण कोरायची सुरी तापवत बसलेले बत्तीशीराव. नाव नाही, गाव नाही, नुसता जबडा समोर. पण त्या जबड्यावरून ते माणूस रचायचे. "हे गृहस्थ रागीट आहेत, रात्री दात खातात." "या बाईंनी आयुष्यभर उजव्या बाजूनेच चावलंय. डावीकडे काहीतरी दुखलं असणार आणि कोणाला सांगितलं नसणार." खरं-खोटं तपासायची सोय नव्हती, कारण कवळी तयार झाली की डबीत बंद होऊन डॉक्टरांकडे जायची आणि ती कोणाच्या तोंडात बसली, हे बत्तीशीरावांना जन्मात कळायचं नाही.

आणि हेच त्यांचं दुखणं होतं. एकदा बागेत बाकावर बसलो असताना त्यांनी ते मला सांगितलं. समोर म्हातारी माणसं घोळक्याने गप्पा मारत होती आणि हे त्यांच्या तोंडांवर नजर लावून बसले होते. मी म्हटलं, "अहो, मार खाल."

"साडूभाऊ," ते म्हणाले, "वीस-बावीस वर्षं झाली. गावात निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी जेवत असतील. मी एकालाही हसताना पाहिलेलं नाही. प्लास्टर हसत नाही हो."

"मग बघताय काय? ओळखू येतील?"

"समोरच्या दोन दातांच्या शेजारचा, उजवीकडचा. मी तो केसभर वळवून बसवतो. सगळे दात एका रेषेत असले की कवळी ओरडून सांगते, मी कवळी आहे म्हणून. एक वाकडा असला की लोक फसतात."

"हे बायकोला सांगितलंत का कधी? की तुम्हाला असं वाटतं?"

"छे! हसेल ती."

मी हे पोटात ठेवलं. माझ्या पोटात राहिलेली ही एकमेव गोष्ट असावी, असं माझी बायको म्हणते.

तर असं सगळं सुरळीत चालू असताना लॅबचे मालक थकले, मुलीकडे राहायला जायचं म्हणाले आणि लॅब बंद व्हायची ठरली. घरात दोन दिवस शोककळा. पण तिसऱ्या दिवसापासून असं काही झालं, ज्याची बत्तीशीरावांनी आयुष्यात कल्पना केली नव्हती. त्यांना लोक विचारायला लागले. एक सोडून दोन जागा चालून आल्या.

पहिली जागा एका मोठ्या लॅबची. ती शहराबाहेर, काचेच्या दारांची. तिथे दात यंत्रं कोरतात आणि माणसं पडद्यासमोर बसून यंत्रांना सांगतात, कुठे कोरायचं ते. मापंसुद्धा तारेवरून येतात, प्लास्टरची पूड औषधालाही नाही. तिथल्या मॅनेजरबाई अतिशय नीटनेटक्या. त्यांनी बत्तीशीरावांना गार पाणी दिलं, सगळीकडे फिरवलं आणि पगाराचा आकडा स्वच्छ कागदावर लिहून हातात ठेवला. "आठवडाअखेरपर्यंत कळवा, सर," म्हणाल्या. बत्तीशीरावांना 'सर' म्हणणारी ही पहिलीच व्यक्ती. त्यांनी मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणतायत म्हणून.

तो कागद मेहुणीने फ्रीजच्या दाराला लावला. येता-जाता ती त्याच्याकडे अशा मायेने बघायची, जशी शेजारीण आपल्या मुलाच्या गुणपत्रिकेकडे बघते.

दुसरी जागा एका म्हाताऱ्या दंतवैद्यांच्या दवाखान्यातली. हे डॉक्टर जुन्या वळणाचे. दवाखान्याला लागूनच त्यांची स्वतःची छोटी लॅब होती, आणि तिथला माणूस नुकताच निवृत्त झाला होता. त्यांनी स्वतः फोन केला. फोनवर आवाज खरखरीत, पण मुद्दा सरळ: "आमच्याकडे एक नियम आहे. मेणातली कवळी पेशंटच्या तोंडात बसवून बघतो ना, त्या वेळी ती बनवणाऱ्याने खुर्चीशेजारी उभं राहायचं. पेशंटला बघायचं, बोलायला लावायचं, हसायला लावायचं आणि तिथल्या तिथे दुरुस्ती करायची. चालेल?"

चालेल? बत्तीशीरावांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे खांदे हलत होते.

पण घरात त्यांनी एवढंच सांगितलं, की अजून एक जागा आहे, जाऊन बघतो. मेहुणीने लगेच सूत्रं हातात घेतली. "उत्तम! दोन्हीकडचे आकडे हातात येऊ देत. पण ऐका, तिथे गेल्यावर पहिल्या फटक्यात हो म्हणायचं नाही. आधी आरसा बघायचा, मग सिग्नल द्यायचा, मग वळायचं."

"आरसा म्हणजे?"

"म्हणजे मागे काय येतंय ते बघायचं. मोठ्या लॅबचा आकडा तुमच्या मागून येतोय. तो विसरायचा नाही. मग सांगायचं, मला दुसरीकडूनही विचारणा आहे. हा सिग्नल. मग ते आकडा सांगतील. आकडा नीट ऐकायचा, विचार करून सांगतो म्हणायचं आणि घरी यायचं. काय करायचं?"

"घरी यायचं."

"त्याआधी?"

"हो म्हणायचं नाही."

"आणि कमी आकडा असला तर तिकडे ढुंकूनही बघायचं नाही. इतकी वर्षं मेण वितळवलंत, आता कोणी किंमत करतंय तर पडतं घेऊ नका."

बत्तीशीरावांनी मान डोलावली. त्यांचा जीव कुठे गुंतलाय, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते सांगायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं नवरा-बायको मुद्दाम त्यांच्याकडे गेलो, निकाल ऐकायला. बत्तीशीराव आले, बूट काढले, खुर्चीत बसले. चेहरा असा, की नुकतंच समुद्र बघून आलेत.

"किती म्हणाले?" मेहुणीने विचारलं.

"अं?"

"आकडा! आकडा किती म्हणाले?"

"म्हणाले ना. म्हणाले असतील."

"असतील म्हणजे? तुम्ही तिथेच होतात ना?"

"होतो. पण मला ऐकू नाही आलं."

"हळू बोलले का?"

"नाही. चांगलं खणखणीत बोलले." मग बत्तीशीरावांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "त्यांच्या तोंडात माझे दात होते."

माझ्या बायकोने नकळत आपल्या गालाला हात लावला.

"खरंच सांगतो. त्यांनी तोंड उघडलं आणि समोर उजवीकडचा तो दात! केसभर वळलेला! माझी कवळी. बोलतेय, आवंढा गिळतेय, जिवंत! वरची काय सुरेख बसलीय, साडूभाऊ! पण खालची डावीकडे सैल झालीय. हिरड्या आक्रसल्या असणार. प्रत्येक दुसऱ्या शब्दाला टक्. मी ऐकत होतो. 'पगार'ला टक् नाही, 'वेळ'ला टक्, 'सुट्टी'ला मोठी टक्. म्हणजे जीभ खालून उचलली की ती सुटते. मी मनात दुरुस्तीच करत होतो. आणि तेवढ्यात ते उठले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, 'छान! ठरलं तर मग!'"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी हो म्हणालो असेन."

"असेन?"

"मान हलत होती माझी. त्या टक्टकीच्या ठेक्यावर."

मेहुणीने कपाळाला हात लावला नाही. ती गाडी शिकवते, तिने दीर्घ श्वास घेतला आणि गाडी उतारावरून मागे घसरायला लागल्यावर ती विद्यार्थ्यांशी जशी बोलते, तशा थंड आवाजात म्हणाली, "म्हणजे तुम्ही कशाला हो म्हणालात, हे तुम्हाला माहीत नाही."

"नाही."

"किती पगाराला, किती तासांना, कधीपासून, काहीच नाही."

"नाही. पण खालची कवळी मी अर्ध्या दिवसात नीट करून देईन."

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. मी म्हटलं, फोन करा आणि म्हणा, ते जरा लेखी मिळेल का? कागदावर असलं की दोन्ही बाजूंना बरं असतं. हा सल्ला सगळ्यांना पसंत पडला, आणि असं क्वचित होत असल्याने मी खूश झालो. बत्तीशीरावांनी दवाखान्यात फोन लावला. पलीकडे स्वागताच्या टेबलावरची मुलगी होती. तिने डॉक्टरांना विचारलं आणि उत्तर घेऊन आली: "डॉक्टर म्हणतायत, ठरल्याप्रमाणे सोमवारी या, कागद तयार ठेवतो. आणि तुमचं टेबल त्यांनी खिडकीजवळ हलवून घेतलंय."

फोन ठेवून बत्तीशीराव म्हणाले, "टेबल हलवलंय." त्यांना रडू येईल की काय, असं मला वाटलं.

तेवढ्यात मॅनेजरबाईंचा फोन. मेहुणीने खुणेने 'सिग्नल, सिग्नल' सुरू केलं.

"सर, विचार झाला का? दुसरीकडेही बोलणं चालू आहे असं कानावर आलं. त्यांनी किती सांगितलं, ते कळलं तर मी वर बोलून बघते."

"सांगितलंय त्यांनी. पण मला माहीत नाही."

"सांगायचं नसेल तर हरकत नाही, सर."

"नाही हो, खरंच माहीत नाही. मी ऐकलं नाही."

एखाद्या रचलेल्या गोष्टीत त्या बाईंना वाटलं असतं की हा पक्का मुरलेला गडी आहे, आणि त्यांनी तिथल्या तिथे आकडा वाढवला असता. इथे तसं काही झालं नाही. एक छोटा उसासा ऐकू आला आणि बसमध्ये छत्री विसरलेल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, "बरं. कळलं की कळवा. पण शुक्रवारच्या पुढे मला नाही थांबता येणार."

आता पेच असा होता. मोठ्या लॅबला हो म्हणावं, तर डॉक्टरांना दिलेला शब्द मोडतो, आणि तो शब्द काय होता, हेही कळायच्या आत मोडतो. डॉक्टरांकडे जावं, तर आकडा कमी निघाल्यावर मेहुणीला काय सांगायचं? आणि दोन्हीकडे गोंधळ घालून दोन्ही जागा गेल्या, तर चपलांच्या दुकानावरच्या खोलीला आता कुलूप. बत्तीशीराव त्या रात्री म्हणे तांदळाच्या डब्यात चहाची पूड ओतून बसले.

सकाळी मेहुणी म्हणाली, "चला. मी सोडते तुम्हाला. तोंडाने जो घोळ घातलाय तो तोंडानेच निस्तरून या."

ती सोडते म्हणजे शिकवणीच्या गाडीतून, आणि गाडी चालवणार शिकाऊ. त्या दिवशीचे शिकाऊ होते एक निवृत्त मुख्याध्यापक. गृहस्थ आयुष्यभर इतरांना रांगेत उभं करत आलेले, पण गाडी रांगेत लावायची म्हटली की हात-पाय गाळायचे. दवाखान्यासमोर दोन गाड्यांच्या मध्ये एक जागा होती. मेहुणी म्हणाली, "अहो, तुम्ही उतरा, पुढे व्हा. सरांचं हे झालं की मी वर येतेच." सरांचं हे व्हायला बराच वेळ लागला. म्हणून पुढचा निम्मा भाग बत्तीशीरावांकडून आणि निम्मा मेहुणीकडून मला कळला. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की तिच्या सांगण्यात ती जास्त बोलते.

डॉक्टर खूश होऊन उठले. "या या! सोमवारपर्यंतही वाट बघवली नाही का?"

बत्तीशीरावांनी रस्ताभर वाक्यं पाठ केली होती. ती सगळी पळाली. म्हणाले, "डॉक्टर, काल तुम्ही काय बोललात, ते मी ऐकलं नाही."

"ऐकलं नाही? अहो, तुम्ही तर मान डोलवत होतात!"

"ती तुमच्या खालच्या कवळीबरोबर डोलत होती. ती वाजते. डावीकडे."

डॉक्टरांनी आधी दाराकडे पाहिलं, मग उठून दार लावून घेतलं. दंतवैद्याच्या तोंडात कवळी ही काही पाटीवर लिहायची गोष्ट नव्हे. "हे कोणाकोणाला सांगितलंत?"

"बायकोला. साडूंना. साडूंच्या बायकोला."

"म्हणजे वर्तमानपत्रात तेवढं यायचं राहिलं!"

"पण वरची छान बसलीय," बत्तीशीराव घाईघाईने म्हणाले. "मीच केलीय ती. त्या दातावरून ओळखली."

"हा?" डॉक्टरांनी बोट लावलं. "हा वळवलेला? अहो, या दाताचाच तर मी माग काढला! आमच्या लॅबमधल्या माणसालाही कळू नये म्हणून माप मी तुमच्याकडे पाठवलं होतं, पेशंटचं म्हणून, स्वतःचं नाव न घालता. कवळी बसवली आणि बायको म्हणाली, 'अय्या, तुमचा जुना दात परत आला.' माझाही तो असाच वाकडा होता. तुमच्या लॅबच्या मालकांना म्हटलं, हा दात वळवणारा माणूस कोण आहे ते सांगा. त्याशिवाय का मी फोन केला तुम्हाला?" मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "खालची वाजते, माहीत आहे मला. दुसऱ्याकडे द्यायची लाज वाटते, आणि दिली तर तेवढा दिवस बिनदाताचं बसायचं. चालढकल करतोय झालं."

आणि डॉक्टर हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. बत्तीशीराव बघत राहिले.

मग बत्तीशीरावांनी आकडा पुन्हा विचारला. डॉक्टरांनी सांगितला. या वेळी तो ऐकू आला, आणि फ्रीजवरच्या कागदापेक्षा चांगलाच कमी होता.

"मला दुसरीकडून विचारणा आहे," बत्तीशीराव म्हणाले, आणि फ्रीजवरचा आकडा खराखुरा सांगून टाकला. एकही पैसा वाढवला नाही.

डॉक्टर गंभीर झाले. "तेवढं मला नाही झेपायचं. माझा दवाखाना आहे, कारखाना नाही."

"तेवढं मला नकोही आहे. पण घरी..."

"घरचं नाव कशाला पुढे करताय?" दारातून आवाज आला. मुख्याध्यापकांनी अखेर गाडी लावली होती. किल्ली हातात घेऊन मेहुणी आत आली, खुर्ची ओढून बसली.

डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमचे यजमान मला हो म्हणून गेलेत."

"ते हो म्हणाले ते तुमच्या दातांना. आकड्याला नाही."

"बरं. मग मी सरळ विचारतो. तिकडे जास्त मिळतंय, तर हे तिकडेच का जात नाहीत? मी काही अडवून ठेवणार नाही. शब्द परत दिला असं समजा."

मेहुणी नवऱ्याकडे वळली. "सांगा ना. का?"

आता आली का पंचाईत! शब्द परत मिळाला होता, वाट मोकळी होती, आता शब्दाची, भिडेची, कशाचीच सबब नव्हती. उरलं होतं ते फक्त खरं कारण. बत्तीशीरावांनी टेबलावरचा एक प्लास्टरचा जबडा उचलला आणि त्याच्याशीच बोलायला लागले.

"मला माझे दात तोंडात बघायचेत. लोकांच्या. बसवताना. तिकडे पडद्यावर चित्र येतं आणि डबीतून दात जातात. इतकी वर्षं तेच केलं. काल पहिल्यांदा माझे दात बोलताना पाहिले, आणि मला पगारसुद्धा ऐकू आला नाही. लहान मुलासारखं आहे हे, मला माहीत आहे. पण तिकडे गेलो तर पैसे मोजेन आणि बागेत बसून म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहीन."

त्यांनी जबडा खाली ठेवला. मेहुणी काही वेळ बोलली नाही. हे ती स्वतः कबूल करते, आणि डॉक्टरही त्याला साक्षी आहेत.

"हे मला कधी का नाही सांगितलंत?"

"हसली असतीस."

"हसलेच असते! मग? घरबसल्या दात तरी बघायला मिळाले असते तुम्हाला."

बत्तीशीरावांचे खांदे हलले. मेहुणीने डोळे पुसले, नाक पुसलं, रुमाल पर्समध्ये ठेवला आणि डॉक्टरांकडे वळली. डॉक्टरांना वाटलं असणार, प्रकरण मिटलं. त्यांना बिचाऱ्यांना माझी मेहुणी माहीत नव्हती.

"डॉक्टर, यांना इथेच यायचंय. ते ठरलं. पण यांना आवडतं म्हणून तुम्हाला स्वस्तात पडावं, असं काही नाही. दोन आकड्यांमधलं जे अंतर आहे, त्यातलं निम्मं तुम्ही चाला, निम्मं आम्ही सोडतो."

"निम्मं जास्त होतं, बाई."

"मग शनिवारी दुपारनंतर सुट्टी. आणि वर्षाने पुन्हा बोलायचं. तेव्हा मीच येईन, कारण यांना ऐकू येत नाही."

"शनिवारी दुपारीच तर पेशंट येतात!"

"मग निम्मं."

डॉक्टरांनी बत्तीशीरावांकडे मदतीसाठी पाहिलं. बत्तीशीराव त्यांच्या खालच्या जबड्याकडे बघत होते. "ठीक आहे," डॉक्टर हताशपणे म्हणाले, "निम्मं. पण पहिलं काम माझी खालची कवळी. आणि त्या दिवशी मी रजेवर आहे, असं बाहेर सांगायचं."

"आणि हे सगळं लेखी," मेहुणी म्हणाली.

लेखी झालं. मेहुणीने ते दोनदा वाचलं आणि मगच उठली. खाली मुख्याध्यापक बिनकिल्लीच्या गाडीत ताठ बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, की ही गाडी मी लावली.

मोठ्या लॅबला नकार कळवायचा होता. मी म्हटलं, दोन ओळी पाठवून द्या. पण बत्तीशीरावांनी फोनच केला. बाईंचे आभार मानले, तुम्ही आकडा आधीच कागदावर दिलात म्हणून मला बोलता आलं, म्हणाले. बाईंनी विचारलं, "तिकडे आमच्यापेक्षा जास्त देतायत का, सर?"

"नाही. कमीच देतायत."

"मग?"

"तिथे पेशंट दिसतात."

पलीकडून बाई म्हणाल्या, "माझ्या आईची कवळी बनवायचीय. आमच्या यंत्राची तिला भीती वाटते. तुमच्याकडे आणली तर चालेल का?"

त्या आल्या, पुढच्याच महिन्यात. आजी खुर्चीत बसल्या, मेणातली बत्तीशी तोंडात गेली, बत्तीशीरावांनी आरसा धरला. आजींनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कोणाचे आहेत? माझे नाहीत हे. माझे बरेच वाकडे होते."

"कुठे वाकडे होते?"

"इथे एक. आणि हा त्याच्यावर चढलेला. माझी मोठी बहीण मला चिडवायची त्यावरून."

मॅनेजरबाई म्हणाल्या, "अगं आई, सरळच बरे दिसतायत."

"तू गप्प बैस. तुझ्या तोंडात नाही बसवायचेत."

बत्तीशीरावांनी सुरी तापवली, एक दात वळवला, दुसरा त्याच्यावर जरासा चढवला, पुन्हा बसवून बघितलं. आजींनी आरसा हातात घेतला आणि चढलेल्या दातावरून बोट फिरवलं. मग त्या आरशातल्या बाईला काहीतरी म्हणाल्या, बहुधा बहिणीच्या नावाने एक शिवी असावी, आणि हसायला लागल्या.

"हसा, पण चावू नका," बत्तीशीराव म्हणाले, "अजून मेणाचे आहेत."

पक्की कवळी मिळाली त्या दिवशी आजी लेकीची गाडी सोडून बसने जाते म्हणाल्या. बत्तीशीराव त्यांना सोडायला म्हणून समोरच्या स्टॉपवर गेले ते तिथेच बसून राहिले. आजींनी बाकावरच्या एका अनोळखी बाईंना आपल्या बहिणीच्या गोष्टी सांगायला घेतल्या होत्या. एक बस गेली, दुसरी गेली, आजी काही उठेनात. शेवटी डॉक्टर दवाखान्याच्या खिडकीत येऊन ओरडले, "अहो, इथे माणसं तोंड उघडून बसलीयत!"

"आलो, आलो," बत्तीशीराव म्हणाले, आणि उठले मात्र नाहीत.